तिसऱ्या तासाचा वास

समज, तुझ्या हातात कागदाची एक पट्टी आहे. करंगळीहून अरुंद आणि तिच्या दुप्पट लांब. तिचं एक टोक अत्तरात बुडवून काढलंय, दुसरं कोरडं आहे. डोळे मीट आणि पट्टी नाकाजवळ ने. घाई करू नकोस. वास आला की तो कसला आहे हे लगेच सांगायचं नसतं, आधी तो कुठे जातो ते बघायचं असतं. एखादा घशात उतरतो, एखादा कपाळात चढतो, आणि एखादा सरळ मागे निघून जातो, तू विसरून गेलेल्या एखाद्या दुपारपर्यंत. बघितलंस? आता डोळे उघड आणि असं समज, की तू दहा वर्षांची मुलगी आहेस. पट्टी तुझ्या हातात नाही, तुझ्या आईच्या हातात आहे. आईनं तिचं कोरडं टोक नाकाशी धरलंय. डोळे मिटून तिनं तीन वेळा हुंगलं, हळूच मान हलवली आणि म्हणाली, "छान उघडतंय."

मुलगी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. शाळा सुटली की ती इथेच यायची, अत्तरं बनवणाऱ्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, चाचणीच्या खोलीत. आत येण्याआधी बिनवासाच्या साबणानं हात धुवायचे, डबा बाहेर ठेवायचा, केसांना तेल लावलं असेल तर आतच यायचं नाही, हे नियम तिला शाळेच्या नियमांआधी पाठ झाले होते. त्या खोलीत सगळं पांढरं होतं, टेबलं, भिंती, आईचा कोट, आणि खिडकी कधीच उघडत नसे. आईचं टोक चुकलं हे मुलीनं पाहिलं आणि तिला आधी हसू आलं. मोठी माणसंही कधीकधी चप्पल उलटी घालतात. पण उलटी चप्पल घातली की पायाला कळतं, दोन पावलांत माणूस थांबतो. आई थांबली नव्हती. तिनं पट्टी खाली ठेवली आणि कागदावर चार ओळी लिहिल्या, सराईत, न अडखळता, आणि मुलीचं हसू गेलं. जिना उतरताना अंधारात एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं.

घरी गेल्यावर तिनं परीक्षा घेतली. त्या दिवशी शाळेत पळण्याची शर्यत झाली होती. आई खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसली होती. मुलीनं पायातला मोजा काढला, मागून गेली आणि आईच्या खांद्यावरून तो तिच्या हनुवटीपाशी लोंबकळत धरला, अगदी कडेला, तिला दिसणार नाही असा. आईनं पान उलटलं. मुलीनं मोजा आणखी जवळ नेला. आईनं हवामानाचा रकाना वाचून दाखवला, उद्या ऊन असेल म्हणाली. मग तिला मोजा दिसला. ती हसली, आणि हसता हसता तिचं हसू मध्येच कुठेतरी अडकून राहिलं.

"कधीपासून?" मुलीनं विचारलं.

"त्या तापानंतर."

"म्हणजे अडीच महिने?"

"तू मोजलेस?"

"बाबांना माहितेय?"

"नाही. ते तिकडे कामावर, एकटे, उगाच जिवाला घोर. आणि ऑफिसात तर कुणालाच नाही, कळलं? डॉक्टर म्हणालेत, येईल परत."

"कधी?"

"म्हणाले, वाट बघा."

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही."

"तुला नाही त्या चौकशा कुणी सांगितल्यात," आई म्हणाली, पण रागानं नाही. तिनं मोजा हातात घेतला, नाकाशी धरला, जोरानं हुंगला, परत हुंगला. मुलीला ते बघवेना. बंद घराची बेल कुणीतरी परत परत वाजवत उभं असावं तसं ते दिसत होतं.

मग त्यांचं दोघींचं एक काम सुरू झालं. आई पिशवीतून झाकणाच्या काचेच्या नळीत पट्ट्या घरी आणायची, आणि जेवणाआधी, पोट रिकामं असताना, मुलगी त्या हुंगायची. आईनं तिला शिकवलं. मोठा श्वास घ्यायचा नाही, सशासारखं भुरभुर, छोटं छोटं. नाक थकलं की स्वतःच्याच कोपराच्या आत नाक खुपसायचं, कारण आपला वास आपल्याला येत नाही, तिथे नाकाला विश्रांती मिळते. चांगला, वाईट, मस्त, घाण हे शब्द बाद. काय आठवतं ते सांगायचं. आई तिला ससुली म्हणू लागली. मुलगी म्हणायची, "दप्तराच्या तळाशी राहिलेलं खोडरबर," आणि आई लिहायची, 'धुळकट, किंचित गोडसर'. मुलगी म्हणायची, "दवाखान्यात आपण बसतो ना, त्या खुर्चीचा दांडा," आणि आई लिहायची, 'धातूसारखा थंडावा'. सुरुवातीला मुलीला हे फार आवडलं. आपल्या तोंडातून निघालेली साधी गोष्ट आईच्या अक्षरात गेली की कोट घालून बसल्यासारखी दिसायची. पण हळूहळू तिला शाळेतही वास मोजायची सवय लागली. वर्गाच्या दाराशी आली की खडू, ओलं छत्रीचं कापड, शेजारणीच्या डब्यातलं केळं, बाईंच्या पदराचा वास. एखाद्या दिवशी सर्दी होईल का, या विचारानं ती पंख्याखाली बसेना. शिंक आली तरी ती लगेच कशाचा तरी वास घेऊन बघायची. तिच्या नाकावर आता एक अख्खं घर उभं होतं आणि नाक तर एवढंसं.

सतरा नंबर आला तो याच दिवसांत. नाव अजून ठेवलं नव्हतं, नुसता सतरा. संत्र्याचं अत्तर, पण कुणी कधी लावलं असेल तसं नाही. ते बनवणारे गृहस्थ, ज्यांना कंपनीत सगळे मागून मोठं नाक म्हणायचे आणि समोर सर, त्यांनी त्यात गोडवा जवळजवळ ठेवलाच नव्हता. मुलीनं पहिल्यांदा हुंगलं तेव्हा तिला संत्रं आठवलंच नाही. संत्रं सोलून खाल्ल्यावर हात धुवायचे राहिलेत आणि कुणीतरी हाक मारतंय, असं वाटलं. मग सालीच्या आतली पांढरी कडू जाळी आली, आणि त्याच्या खाली कुठेतरी ओला दगड. "आई, हे संत्रं घाबरलेलं आहे," ती म्हणाली. आईनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. तिला त्यासाठी शब्द सापडला नाही.

नियम असा होता की असं अत्तर बारा माणसांना द्यायचं. त्यांनी ते एका सकाळी मनगटावर लावायचं, पाच मिनिटांनी, एका तासानं, तीन तासांनी आणि सहा तासांनी काय वाटलं ते कार्डावर लिहायचं. मधल्या वेळात त्या हाताला दुसरा कुठलाही वास लागू द्यायचा नाही. आईचं कामच मुळी ती कार्डं वाचणं, जुळवणं, आणि सगळ्यात वर स्वतःचं तेरावं कार्ड ठेवणं हे होतं. सतराची कार्डं तिनं घरी मोठ्यानं वाचली. एका बसचालकानं लिहिलं होतं, 'पहिल्या तासात तीन प्रवाशांनी विचारलं, काय सोलताय. सहाव्या तासाला बायकोनं विचारलं, कुणाकडे गेला होता.' एका परिचारिकेनं लिहिलं होतं, 'रुग्णाच्या उशाशी फळं ठेवलीत आणि खाणारं कुणी नाही.' एक निवृत्त शिंपी म्हणाले होते, 'मला काही वाटलं नाही, पण दुपारभर मी माझ्या भावाचा विचार करत होतो आणि का ते कळलं नाही.' नुकतंच लग्न झालेल्या एका बाईनं पहिल्या तीन चौकटींत 'ताजं, ताजं, ताजं' लिहिलं होतं आणि चौथीत, 'हे धुवून टाकलं तरी चालेल का?' आई वाचताना हसत होती, आणि मग म्हणाली, "सगळ्यांना पोचलंय ते. मला एकटीलाच नाही."  मुलीला वाटलं, आपण आणखी नीट हुंगलं पाहिजे. इतकं नीट, की आईला हसता हसता थांबावं लागू नये.

तेराव्या कार्डासाठी शनिवारी सकाळी आईनं सतराचे दोन थेंब मुलीच्या डाव्या मनगटावर लावले. पाच मिनिटांचं झालं, तासाचं झालं. मग आई बाजारात गेली. तिसऱ्या तासाला ती पिशव्या घेऊन दारात आली तेव्हा मुलगी मनगट नाकाशी धरून उभीच होती. "लाकूड आलं," ती म्हणाली. "आई, खाली लाकूड आहे. सुकं, पिवळं, आत्ताच कापल्यासारखं." आईनं पिशव्या तशाच खाली ठेवल्या. बारा जणांपैकी एकालाही लाकूड मिळालं नव्हतं. "नक्की?" आईनं विचारलं. "नक्की." आणि आईचा चेहरा असा उजळला, की जणू ते तिलाच सापडलं होतं. 'तिसऱ्या तासाला सुकं लाकूड, स्वच्छ, ठाम,' तिनं लिहिलं आणि सहाव्या तासानंतर खाली सही केली. त्या संध्याकाळी ती भांडी घासताना गुणगुणत होती. तापानंतर पहिल्यांदा.

मंगळवारी चित्रकलेच्या तासाला मुलीनं पेन्सिलीला टोक काढलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. सुकं, पिवळं, आत्ताच कापल्यासारखं. शनिवारी, आई बाजारात गेली होती तेव्हा, तिनं चित्र पूर्ण करायला घेतलं होतं. बारा रंगीत पेन्सिलींना एकामागून एक टोक काढलं होतं. फ्रॉकवर पडलेला भुसा तिनं झटकला होता तो डाव्या हातानं, मनगटानं, मनगटाच्या आतल्या बाजूनं. तिला ते आता इतकं स्वच्छ दिसलं, की तिचा चेहरा बघून शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय गं, बोट कापलं का?" ती नाही म्हणाली. नियम तिला पाठ होता. पाठ असताना आपण तो कसा विसरलो, हे तिला कळेना. उरलेला तासभर तिनं डाव्या हाताची मूठ बाकाखाली दाबून धरली, जणू ती उघडली तर वर्गभर वास पसरेल. एका कार्डावर एक ओळ चुकली, एवढंच. बारा जणांनी नाही म्हटलंय, मग तेरावीचं कोण ऐकेल? असं ती स्वतःला शाळा सुटेपर्यंत सांगत राहिली, रस्ता ओलांडताना सांगत राहिली, तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर सांगत राहिली.

पण त्या इमारतीत तेरावीचंच ऐकत. चाचणीच्या खोलीत मोठं नाक उभे होते, त्यांच्यासमोर आई, आणि बाजूला ओल्या हातांनी उभ्या असलेल्या धुलाईच्या मावशी. मावशी खालच्या मजल्यावर काचेची भांडी धुवायच्या. मुलीला बघितलं की म्हणायच्या, "आली आमची नाकाडी राणी," आणि फेस आलेलं बोट तिच्या नाकाला लावायच्या. आज त्या काही म्हणाल्या नाहीत.

"सतरामध्ये मी लाकूड घातलेलं नाही," मोठं नाक सांगत होते, शांतपणे, गणित समजावल्यासारखं. "पण नऊ नंबरमध्ये आहे. नऊ आणि सतरा एकाच चंबूत तयार झाले, एकामागून एक. म्हणजे मधे चंबू धुतला गेला नाही."

"तीनदा धुतला, सर," मावशी म्हणाल्या. "मी तीनदाच धुते. चौथ्यांदा धुतला असता तरी तोच चंबू धुतला असता."

"मग लाकूड आलं कुठून?"

"मला काय ठाऊक, सर. मी धुते, हुंगत नाही."

"बारा जणांना ते लागलं नाही, मलाही नाही, मान्य. पण बाईंचं नाक अकरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. बारा जणांपेक्षा मी त्यांच्यावर विश्वास ठेवीन." त्यांनी टेबलावरचा रिकामा चंबू उचलून आईपुढे धरला. "बाई, तुम्हीच सांगा."

मुलगी स्टुलावर बसली नव्हती, नुसती त्याला धरून उभी होती. तिला वाटलं, आत्ता आई म्हणेल, नाही येत. नाही येत म्हणणं खरंही होतं. दोन्हीकडून खरं होतं. आईनं चंबूच्या तोंडाशी नाक नेलं, सशासारखं भुरभुर हुंगलं, एकदा, दोनदा, आणि मग डोळे न उघडता म्हणाली, "पुसट आहे. पण आहे."

मावशींनी आईकडे बघितलं. रागानं नाही, नवलानं. आपल्या हातांकडे बघितलं, आणि ते पदराला पुसले. मोठं नाक म्हणाले, शनिवारपर्यंत काम करा, पुढचं बघायला मी दुसरं कुणी नेमतो, आणि त्यात तुमचा अपमान समजू नका. मावशी म्हणाल्या, "अपमान नाही समजत, सर. धुतलेलं धुतलं नाही म्हणतात, एवढंच समजते." आणि त्या निघून गेल्या. मुलीजवळून जाताना त्यांना काचेचा, साबणाचा आणि खाली कुठेतरी लसणीचा वास येत होता. मुलीनं तो नको असताना हुंगला. नाकाला झाकण नसतं.

 घराच्या दारात आई किल्ली फिरवत असताना मुलगी म्हणाली, "ते पेन्सिलीचं होतं." आईला कळायला वेळ लागला नाही. तिनं दार लावून घेतलं, पंखा सुरू केला, बंद केला, आणि बुटांसकट पलंगाच्या कडेवर बसली.

"मला का नाही सांगितलंस तिथे?"

"तू आधीच म्हणालीस, आहे म्हणून." मुलीनं दप्तर खाली टाकलं. "का म्हणालीस? तुला तर काहीच येत नाही."

"मला वाटलं, तू म्हणालीस म्हणजे असेल." आईनं मान हलवली. "नाही. तसंही नाही. ते माझ्याकडे बघत होते गं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग शनिवारी कसं आलं? आणि मग काय सांगू? नाक गेलंय माझं? अकरा वर्षं मी दुसरं काही शिकले नाही. त्याच्याशिवाय मला तिथे कोण उभं करील?"

"मग मावशींना?"

 आईनं बूट काढले आणि ते जोडीनं नीट लावून ठेवले. मुलीला ते पाहून जास्तच भीती वाटली. ती अंथरुणावर पडली तेव्हा तिला स्वतःच्या श्वासाचीच भीती वाटत होती. आपण हुंगलं, आपण सांगितलं, आईनं लिहिलं, सरांनी वाचलं, आणि चार पायऱ्या उतरून ते मावशींच्या ओल्या हातांपर्यंत गेलं. एवढासा भुसा. फुंकर मारली असती तर उडाला असता. ती उठून सांगू शकत होती, पण सांगितलं की आईचं गुपित उघडं पडणार. नाही सांगितलं तर शनिवार येणार. तिनं कोपराच्या आत नाक खुपसलं. तिथे काहीच वास नव्हता, आणि विश्रांतीही नव्हती.

बुधवारी ती चाचणीच्या खोलीत आली तेव्हा आई एकटीच होती. टेबलावर पट्ट्या मांडलेल्या होत्या आणि आई त्यांच्याकडे नुसती बघत होती, अनोळखी लिपीतल्या ओळींकडे बघावं तशी. खालून काच काचेला लागल्याचा आवाज येत होता. मावशी धुत होत्या. शनिवारपर्यंत धुणार होत्या. मुलगी आईच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली, जिथे ती कधी बसत नसे, आणि तिनं गठ्ठ्यातून एक कोरं कार्ड ओढलं. 'लावणाऱ्याचं नाव' या रेघेवर तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. वय, दहा. काम, या चौकटीपाशी ती जरा थांबली आणि तिनं लिहिलं, 'चौथीत'. पाच मिनिटं: 'हात धुवायचे राहिलेत आणि कुणीतरी हाक मारतंय.' एक तास: 'संत्रं घाबरलेलं आहे.' तीन तास: 'लाकूड नाही. मी पेन्सिलींना टोक काढत होते आणि भुसा हाताला लागला. मला सांगितलं होतं की काही लावायचं नाही. चंबू धुतलेला आहे.' सहा तास: 'दगड.' तिचं अक्षर मोठं होतं, चौकटीबाहेर जात होतं.

आईनं ते उलटं, समोरून वाचलं. मग कार्ड फिरवून सरळ करून परत वाचलं. तिचा हात कार्डावर सपाट पडून राहिला. मुलीला वाटलं आता ती ते घडी करून कोटाच्या खिशात घालील, आणि घातलं तर आपण काही बोलायचं नाही, असं तिनं ठरवलंही होतं, कारण यापुढे काय बोलायचं ते तिला माहीतच नव्हतं.

"'घाबरलेलं' हा शब्द मला तेव्हा लिहायला हवा होता," आई म्हणाली. "मी दुसरा शोधत बसले." तिनं कोटाचं वरचं बटण लावलं. "चल."

मोठ्या नाकांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. चालायला चाळीसएक पावलं. आई पुढे चालत होती, मुलगी मागे, आणि कार्ड आईच्या हातात होतं. प्रत्येक पावलाला मुलीला वाटत होतं की आई वळेल, म्हणेल, उद्या. ती वळली नाही. दाराशी ती थांबली. आतून कागद उलटल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा. आईनं हात वर नेला, बोटं मिटली, आणि हात दारापासून वीतभर अंतरावर राहिला. तो पुढे जाईना आणि खालीही येईना. खूप वेळ. मुलीनं आईच्या चेहऱ्याकडे वर बघितलं नाही. आईला तसं बघितलेलं आवडलं नसतं, हे तिला कळत होतं.

ती आईच्या कोपराखालून पुढे झाली आणि तिनं दारावर टकटक केलं. दोनदा, नीट ऐकू जाईल असं.